छिटावरची बाभळ

पौष शु. ११, बुधवार, शके १८५९

सकाळपास्नं काजंच काजं. दादानं दुपारी आणखी नऊ सदरे आणून टाकले. लग्नसराईचं काम. मशीन टीप मारतं, काज मारत न्हाई, म्हणून मी. ज्या दिवशी काज मारणारं मशीन जालन्यात येईल त्या दिवशी दादाला बहीण कशाला लागंल ते पाहू.

डावं बोट सुजलंय. अंगुस्तान सैल झालं, सुई मागनं टोचती. वैनीला म्हटलं, एक नवं आणाया सांगा. म्हणे, "तुम्हीच सांगा, भाऊ तुमचा." तिचं असंच. अकरा वर्षं एका चुलीवरचं खातो, पण धड बोलणं न्हाई. तिच्या दोन्ही पोरी नांदायला गेल्या तवापास्नं तर घरात भांड्यांचाच आवाज.

ही मापाची जुनी वही. दादानं फेकून दिल्ती, मागं बरीच पानं कोरी. चार इयत्ता शिकले त्याचा एवढाच उपयोग.

पौष शु. १३, शुक्रवार. संक्रांत

घरात हळदकुंकू होतं. मी आतल्या खोलीत काजं घेऊन बसलेली. समोर जायचं न्हाई हे कोणी सांगावं लागत न्हाई, नवरा गेला त्या साली कळलं.

दाराच्या फटीतनं बाया दिसून राह्यल्या. शेजारच्या सोनाराची सून रुक्मी आली, नवीन चोळी घालून. छिटाची, छापील कापडाची. हिरव्या शेंगांची वेल, पिवळी गोंड्यासारखी फुलं. पहिल्यांदा वाटलं, वा, कोणीतरी बाभळ काढली. बाभळ कोण काढतं? समद्या जगाला कमळ, पोपट, तुळशीवृंदावन. काट्याचं झाड अंगावर कोण घेतं?

मंग फुलं मोजली. सहा पुरी, सातवं अर्धं. परत सहा पुरी, सातवं अर्धं. पाठीवर तसंच. बाहीवर तसंच.

उठले ती सरळ बायांच्या मधी. रुक्मीचा दंड धरला. "हे कुठनं घेतलं?"

पोरगी भ्याली. "सदर बाजारातनं, आत्या. बाबूशेठच्या दुकानातनं. नवीन छीट आलंय, समद्याच घेऊन राह्यल्यात."

एकीनं पदर सावरला, माझी सावली पडू नये म्हणून का कशाला. वैनीच्या हातात कुंकवाचा करंडा. तिनं माझ्याकडं पाह्यलं न्हाई.

ती वेल माझी आहे.

तीच, थोड्या वेळानं

लिहून ठेवते, न्हाईतर उद्या मलाच खरं वाटायचं न्हाई. हसनाबादला आमच्या शेताच्या बांधावर बाभळी होत्या. लग्न होऊन गेले तेव्हा नमुन्याचं फडकं करायला घेतलं, मांजरपाटाचं, दोन हात लांब. नवीन काही सुचलं की त्याच्यावर काढून ठेवायचं. ज्वारीचं कणीस, पेरायची पाभर, कवडीच्या माळा. कडेनं बाभळ. साखळी टाक्याची वेल, गाठीच्या टाक्याची फुलं. मालक हसायचे. "बाभळीला सुईत धरणारी तूच पाह्यली." पण शेताहून येताना शेंगा आणून द्यायचे, वाळल्या, ओल्या, किडक्या, सगळ्या. म्हणायचे, बघून काढ, मनानं काढू नको.

सातवं फूल अर्धं झाल्तं तेव्हा गडी पळत आला. मालकांना पटकी. संध्याकाळपर्यंत संपलं.

ते फूल मी पुरं केलं न्हाई. फडकं इथं आणलं, त्याच्यावर दुसरं पुष्कळ काढलं, पण त्या फुलाला परत सुई लावली न्हाई.

आता ते रुक्मीच्या दंडावर आहे. दर सातवं.

पौष शु. १४, शनिवार

पेटी उघडली. लुगडी आहेत. रेशमाच्या लडी आहेत. मालकांचा फेटा आहे. फडकं न्हाई.

दादा जेवायला आला तवा विचारलं. म्हणे, "कोणतं फडकं?" पाणी प्यायला. परत म्हणे, "असंल कुठंतरी." दादाला खोटं बोलता येत न्हाई, लहानपणापास्नं. कानाची पाळी ओढत बसतो. आज ओढून ओढून लाल केली.

पौष पौर्णिमा, रविवार

कबूल झाला. दिवाळीच्या आधी बाबूशेठ दुकानी आल्ता. दादानं त्याला माझ्या हातचं काम दाखवायला फडकं नेलं. बाबूशेठ म्हणे, आठ दिवस ठेवतो, मुंबईच्या मिलवाल्याला दाखवतो. दादानं दिलं. बदल्यात काय, तर बाबूशेठच्या दुकानातलं समदं शिवणकाम आता दादाकडं.

मी म्हटलं, "मला विचारलं का न्हाई?"

"त्यात काय विचारायचं? फडकंच होतं. पेटीत कुजून राह्यलं होतं."

"माझ्या पेटीत."

"पेटी माझ्या घरात आहे ना, गये?"

हे वाक्य त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. साधं म्हटलं. ऊन आहे, वारा आहे, तसं. मला इतका राग आला की दात दुखले. आता लिहितानापण दुखून राह्यलेत.

पौष व. २, मंगळवार

गेले बाबूशेठकडं. एकटी. सदर बाजारात दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. आत गाद्यांवर बाया बसल्या होत्या, नोकर त्यांच्यापुढं थान उलगडून राह्यला. माझंच. हिरवं-पिवळं, शिवाय लाल जमिनीवर, शिवाय निळ्या. निळ्या जमिनीवर बाभळ. कोणत्या गाढवानं हे रंग लावले?

बाबूशेठ गोड माणूस. म्हणे, "मास्तरची बहीण ना तुम्ही? या या. तुमच्या हातात जादू आहे, बाई." बसायला पाट दिला. मी बसले न्हाई.

"माझं फडकं द्या."

"येईल, येईल. मिलीत आहे. पण तुमचं नशीब बघा. तुमची नक्षी आज घरोघर गेली."

मी विचारलं, हे अर्धं फूल तसंच का छापलं? म्हणे, "तेच तर मिलवाल्याला आवडलं. म्हणे, नवीनच कल्पना आहे. पूर्ण, पूर्ण, पूर्ण, मधीच अर्धं. नजर थांबते."

आणखी म्हणे, असे दहाबारा नमुने कागदावर काढून द्या, मास्तरच्या हाती पाठवा.

काय बोलले ते पुरतं आठवत न्हाई. एवढं आठवतं की बाया उठून गेल्या, आणि नोकरानं थान गुंडाळलं. वाटेत चप्पल तुटली, ती हातात घेऊन आले. त्या शेठचं पूर्ण नाव लिहायची आता इच्छा न्हाई. पुढं बा. लिहीन.

पौष व. ३, बुधवार

सदरे दादाच्या गादीवर नेऊन ठेवले. अंगुस्तान वर ठेवलं.

"झालं काम?"

"न्हाई. फडकं येईपर्यंत करणार न्हाई."

तो हसला. उद्या करील, असं वाटलं असंल.

पौष व. ७, रविवार

पाचवा दिवस. दादानं एका कामगाराला काजं करायला बसवलं. त्यानं नवरदेवाच्या अंगरख्याचं काज इतकं मोठं फाडलं की बटण आपोआप बाहेर पडतंय. गिऱ्हाईक दुकानात ओरडून गेलं, आवाज घरात आला. मला आनंद झाला. झाला तो झाला, खोटं कशाला लिहू?

दादा घरात येऊन म्हणे, "गये, तुझ्या एका फडक्यापायी माझं नाव घालवतीस."

मी म्हटलं, "तुझं नाव तरी आहे."

वैनी भाकरी थापत होती. थापायची थांबली. परत थापायला लागली.

पौष व. १२, शुक्रवार

फडकं आलं.

बा.चा नोकर कागदात गुंडाळून देऊन गेला. उघडलं तर पुठ्ठे. हातभर पुठ्ठ्यांवर खळीनं चिकटवलेले तुकडे. कात्रीनं सरळ कापलेले, एकेक नक्षी सुटी. खाली शिसपेनीनं आकडे आणि कायकाय इंग्रजी. कणीस एका पुठ्ठ्यावर. पाभर दुसऱ्यावर, तिची एक दांडी कापलेली. कवड्या न्हाईतच. बाभळीची वेल तीन ठिकाणी तोडली. सातव्या फुलाभोवती कोणीतरी लाल पेनानं गोल काढलाय.

वैनी मागं येऊन उभी राह्यली होती. मी पुठ्ठे मांडीवर घेऊन बसले, किती वेळ कोण जाणे. चुलीवरची डाळ करपली. तिनं उतरवली न्हाई.

पौष व. १३, शनिवार

गरम पाण्यात एक तुकडा भिजवला, खळ सुटंल म्हणून. खळ सुटली, त्याबरोबर लाल रेशमाचा रंग सुटला, सगळं गुलाबी झालं. बाकीचे भिजवले न्हाईत.

दादा म्हणे, "आलं ना आता? घे, बस काजाला."

हातात कात्री होती. खाली ठेवली. ठेवली हे लिहून ठेवते, कारण ठेवायला जड गेलं.

माघ शु. २, बुधवार

काही न्हाई. राग.

माघ शु. १०, गुरुवार

कचेरीसमोर लिंबाखाली अर्ज्या लिहिणारे बसतात. त्यातले म्हातारे मुन्शीजी मला ठाऊक, त्यांच्या सुनेच्या ओढणीला मी मागं बेलपट्टी, वेलीची किनार, करून दिल्ती. त्यांच्यापुढं पुठ्ठे मांडले. सगळं सांगितलं. बाकीचे अर्जीवाले ऐकून राह्यले, एक हसला. मुन्शीजींनी त्याच्याकडं नुसतं पाह्यलं.

म्हणे, "बाई, नक्षीचा कायदा मला मालूम न्हाई. फडक्याचा आहे. फडकं तुमचं, तुम्हाला न पूछता नेलं, काटलं. बराबर?"

"बराबर."

"काय मागायचं?"

"होतं तसं परत."

"तसं कोण देणार? रब बी देणार न्हाई."

मंग मी म्हटलं, त्यानं कबूल करावं. कागदावर, सरकारच्या पुढं. न विचारता नेलं, कापलं, छापलं. मुन्शीजी बोरू हातात धरून बसले. म्हणे, लोक पैसा मागतात, हे मागणारी तुम्ही पहिलीच.

लिहायला लागले. उर्दूत. मी म्हटलं, ओळ झाली की मराठीत सांगा. पहिलीच ओळ: गयाबाई, बेवा म्हंजे विधवा, राहणार कादराबाद, भावाच्या आसऱ्यानं.

"हे खोडा."

"झूट आहे का?"

"झूट न्हाई. पण आधी काम लिहा. कशिदा करणारी."

त्यांनी कागद बदलला. नवा घेतला, वरून लिहिलं: कशीदाकार. बेवा त्याच्या मागं गेलं. शेवटी आसरा राह्यला का गेला ते मी विचारलं न्हाई.

पुठ्ठे भिजवू नका म्हणाले, मिलीचे आकडे आहेत तोच पुरावा. शिवाय छापलेल्या छिटाचा एक तुकडा पायजे, ताडून बघायला. विकत घ्या म्हणाले. मी म्हटलं, माझी वेल मी बा.कडनं विकत घेणार न्हाई. मुन्शीजी कपाळाला हात लावून म्हणे, "मंग अर्जी ठेवू का फाडू?" उद्या शुक्रवार, कचेरी बंद. शनिवारी या म्हणाले.

माघ शु. ११, शुक्रवार

दुपारी दादा दुकानात. वैनी माझ्या खोलीत आली. कधी येत न्हाई. उंबऱ्यातच उभी. लुगड्याखालनं घडी काढून माझ्यापुढं टाकली. छीट. चोळीपुरतं, न शिवलेलं. हिरवं-पिवळं.

"दिवाळीनंतर शेठनं धाडलं. माझ्यासाठी, फुकट." मंग म्हणे, "मी घातलं न्हाई."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पेटी मी उघडून दिल्ती, वन्सं. ह्यांना किल्ली सापडंना. म्हणाले काढ, मी काढली."

मी तिच्या अंगावर धावले न्हाई एवढंच. म्हटलं, संक्रांतीला करंडा धरून उभ्या होतात. म्हटलं, तुमच्या लेकींच्या रुखवताची समदी झाकणं, रुमाल, तोरणं, माझ्या हातची. आठ-आठ महिने. आणि तुम्ही माझी पेटी. म्हटलं, तुम्हाला काय कमी होतं?

ती ऐकून घेत गेली. शेवटी म्हणे, "मला कोणी विचारतं का? काढ म्हटलं की काढायचं. वाढ म्हटलं की वाढायचं." आवाज चढला न्हाई तिचा. गेली.

खूप बोलले. एकपण शब्द परत घ्यावा वाटत न्हाई. पण छीट पुरावा म्हणून घेतलं.

माघ व. ५, शनिवार

अर्जी गेल्या शनिवारीच दिली. आज शिपाई नोटीस घेऊन आला, दादाच्या नावाची, बा.च्याबी नावाची. दादानं वाचून घेतली कोणाकडनं तरी. घरात आला तो थेट माझ्या खोलीत.

"कचेरीत नेलंस मला? सख्ख्या भावाला?"

"तुला न्हाई. ज्यानं नेलं त्याला. त्यात तू आहेस, त्याला मी काय करू?"

"खातीस कोणाचं?"

मी त्याला काजं मोजून दाखवली असती, अकरा वर्षांची. मोजता आली न्हाईत. लाख असतील? जास्त?

म्हणे, हसनाबादला दिराकडं पाठवून देतो, तिथं कर कोर्टकचेऱ्या. तिथं मालकांच्या वाटणीची एक खोली माझ्या नावची आहे, दिरानं तिच्यात कडबा भरलाय. मी म्हटलं, पाठव. तो दुकानात निघून गेला. लग्नसराई आहे ना अजून, मी आज ना उद्या परत काजाला बसेन असं वाटत असंल.

माघ व. १२, शनिवार

बा. स्वतः घरी. मिठाईचा पुडा. दादानं सतरंजी घातली, पान आणवलं, असा वाकला की मला लाज वाटली. माझ्या बापानं निजामाच्या अंमलदाराला कोट शिवून दिला तेव्हाबी वाकला नव्हता.

बा. म्हणे, बाई, समजुतीनं घ्या. महिन्याला दोन नमुने काढा, घरबसल्या, मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार न्हाई. अर्जी तेवढी मागं घ्या.

मी विचारलं, "छिटावर माझं नाव टाकाल?"

"छिटावर कोणी नाव टाकतं का?"

"मिलीचं टाकतात. हर थानाच्या टोकाला, सोनेरी."

तो हसला, दादाबी हसला. बापासारखा गडगडून हसतो दादा, तो हसला की मला लहानपण आठवतं. आज त्या हसण्याचापण राग आला.

वैनीनं चहा आणला. बा.च्या पुढं ठेवला, दादाच्या पुढं ठेवला. मंग तिसरा कप आणून माझ्यापुढं ठेवला, त्यांच्याच ओळीत. मी बैठकीत चहा प्यालेली कोणी पाह्यलं नव्हतं. प्याले.

म्हटलं, अर्जी मागं घेणार न्हाई.

फाल्गुन शु. ५, सोमवार

पेशी गुरुवारी, अर्जी तवा ऐकणार. मुन्शीजी म्हणे, बा. वकील आणतोय. तो म्हणणार की फडकं घरच्या कर्त्यानं राजीखुशीनं दिलं. बाईच्या वस्तू म्हणजे भावाच्याच. तुमच्याकडं कोणी सांगणारं आहे का, की पेटी तुमची, किल्ली तुमची, आणि तुम्हाला न पूछता काढलं?

आहे, म्हटलं. पण ती येणार न्हाई.

घरी येऊन वैनीला काही बोलले न्हाई. तिनंच विचारलं, "काय म्हणाले मुन्शी?" सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणे, "मी आले तर ह्यांचं नाव घ्यावं लागंल."

"हो."

"ह्यांच्या तोंडावर."

"हो."

तांदूळ निवडून झाले तरी ती सुपात बोटं फिरवत बसली. मी तिला ये म्हणणार न्हाई. तिच्यावरचा राग गेला न्हाई माझा, जावाबी का? पण तिनं आलंच पायजे असं म्हणायला माझी जीभ वळंना.

फाल्गुन शु. ८, गुरुवार. पेशी

आत्ता आलो. जसं झालं तसं लिहिते.

मी मुन्शीजींबरोबर गेले. दादा आधीच गेल्ता, बा.च्या टांग्यातनं. मुन्सफसाहेब, न्याय करणारे, उर्दूत बोलायचे, त्यांचा कारकून पेशकार मराठीत सांगायचा. बा.चा वकील बोलला, अगदी मुन्शीजींनी सांगितल्तं तसंच. कर्ता भाऊ, आश्रित बहीण, घरातली वस्तू. शेवटी म्हणे, साहेब, एका चिंधीसाठी सरकारचा वेळ.

साहेबांनी पुठ्ठे पाह्यले. छीट शेजारी ठेवलं. बोटानं फुलं मोजली, मला दिसलं. सातव्यावर बोट थांबलं. पेशकारानं विचारलं, "हे अर्धं का?"

भर कचेरीत सांगितलं. शेंगा आणून द्यायचे तेपण सांगितलं. रडले न्हाई. आवाज असा निघाला की जसं कोणाला शिव्या देऊन राह्यले.

साहेबांनी दादाला विचारलं, पेटी कोणाची? दादा म्हणे, घरात आहे. कोणाची? घरातली. किल्ली कोणाकडं असते? दादानं कानाची पाळी धरली.

तेवढ्यात मागनं आवाज आला. "किल्ली वन्संच्या उशीखाली असती. मी काढून दिली."

वैनी दाराशी उभी होती. डोक्यावरनं पदर, तोंड अर्धं झाकलेलं, घामाघूम. पायी आल्ती. पेशकारानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. कोणाची कोण? तिनं दादाकडं बोट केलं, नवऱ्याचं नाव कसं घेणार? पेशकार म्हणे, नाव घ्या, लिहायचंय. तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला. मंग तिनं घेतलं. उखाण्यात न्हाई, नुसतं. नाव, बापाचं नाव, आडनाव.

"बहिणीला विचारलं होतं का?"

"न्हाई."

"तुम्हाला कोणी काढायला सांगितलं?"

"ह्यांनी."

बा.चा वकील उठला, म्हणे ही बाई पढवलेली आहे. साहेबांनी हात वर केला. लिहून घेतलं सगळं. मिलीकडनं जबाब मागवायचा म्हणाले. पुढची तारीख पाडव्यानंतर.

परत येताना दादा पुढं, आम्ही दोघी मागं, मधी पन्नास पावलं. अख्ख्या रस्त्यानं त्यानं एकदापण मागं पाह्यलं न्हाई. बा.चा टांगा शेजारनं गेला.

फाल्गुन शु. ९, शुक्रवार

सकाळी दादा वैनीला म्हणाला, "तुझं सामान बांध." एवढंच. मला काही म्हणाला न्हाई, माझ्याशी बोलायचं त्यानं सोडलंय. न्हाऊन दुकानात गेला.

मला वाटलं होतं, तो माझ्यावर उलटंल. त्याची तयारी केल्ती. हे सुचलंच नव्हतं.

वैनीनं सामान बांधलं न्हाई, पण मांडून ठेवलं. दोन लुगडी, पोरींच्या बारशातली चांदीची वाटी, चुलीपुढचा पाट. पाट कशाला? म्हणे, हा माझ्या आईनं दिल्ता. माहेर म्हणजे तिचं आता कोणी न्हाई. भाऊ होता तो प्लेगात गेला. लेकींच्या सासरी आई जाऊन राहत नसते.

म्हटलं, "कशाला आलात कचेरीत? मी बोलावलं नव्हतं."

ती म्हणे, "तुमच्यासाठी न्हाई आले." मंग थोडं थांबून, "त्या वकिलानं चिंधी म्हटलं. मी दारातनं ऐकलं. पेटीतनं काढलं तेव्हा मी ते फडकं उलगडून पाह्यल्तं, वन्सं. हातात धरून बसले होते. आणि मंग दिलं."

मी तिला माफ केलेलं न्हाई, हे तिलाबी ठाऊक. दोघी चुलीपुढं बसलो. दुपारचं कोणीच रांधलं न्हाई.

दादा संध्याकाळी येईल. कदाचित राग उतरंल, कदाचित न्हाई. त्याचा राग उतरायची वाट बघत आम्ही दोघींनी बसायचं, ह्याचाच मला राग येऊन राह्यला. तो येण्याआधी पत्र लिहून टपालात टाकायचं ठरवलं. दिराला. खोलीतला कडबा काढून ठेवा, एवढंच.

कागद घेतला. वैनी समोर बसून बघून राह्यली, तिला वाचता येत न्हाई. मजकूर सरळ आहे: ती. भाऊजींस, खोली रिकामी करून ठेवावी, होळीच्या आधी —

इथं थांबले. येते लिहू का येतो, एकटी का दोघी?

वैनीला विचारलं. तिनं पाट पदरानं पुसायला घेतला. बोरू शाईत बुडवून बसले आहे.